दम कोंडून

४ फेब्रुवारी

थोरले,

आशीर्वाद आहेतच, घ्यायचे असले तर घे.

तुझी लेक बाळंत झाली. मुलगी झाली. हे तुझ्या भावाने तुला फोनवर कळवलंच असेल, त्याच्या पोटात काही राहत नाही. पण तो "सगळं ठीक" म्हणणार आणि ठेवून देणार. मी फोन केला तर तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. पत्र फाडायच्या आधी माणूस निदान अक्षर तरी बघतो.

पोर चांगली गुटगुटीत आहे. म्हणूनच जरा अडली. भिंगरीला फार वेळ जोर करावा लागला, शेवटी डॉक्टरीणबाईंनी चिमटा लावून ओढून काढली. डोक्यावर वण उठलाय, जाईल. भिंगरीने हूं की चूं केलं नाही. नर्स म्हणाली, एवढी सोसणारी मुलगी मी बघितली नाही. मी म्हटलं, आजीवर गेली आहे.

खाली टाके पडलेत. किती ते मी विचारलं नाही.

जावई ट्रक घेऊन लांब गेलाय, परत यायला वेळ आहे. तोवर मी आहे, तुझी भावजय आहे, आपल्या लाँड्रीतल्या बायका आहेत. काळजी करण्यासारखं काही नाही. तुझ्याशी भांडून, याच्याशी लग्न करून ती माझ्याकडे राहायला आली, त्याचा राग तिच्यावर धरू नकोस. माझ्यावर धर. तिथे आधीच ढीग आहे, त्यात अजून एक.

तुझी आई


२ मार्च

थोरले,

तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि एकच ओळ. "तिला ओलं वजन उचलायला लावू नकोस." ना आईची चौकशी, ना नातीचं नाव काय ठेवणार ते. पैसे वाया घालवायची सवय तुला लहानपणापासून आहे.

कोण लावतंय तिला उचलायला? ती आपल्या पायांनी आली. झालं असं की तिन्ही हॉटेलांचे गठ्ठे एकाच दिवशी पडले. पलंगपोस, टॉवेल, पडदे, दारातून आत पाय टाकायला जागा नाही. दोन बायका रजेवर. तुझा भाऊ गाडी चालवतो आणि पाठ धरून बसतो, त्याचं तुला माहीत आहे. भिंगरी पोरीला झोपवून खाली आली नि म्हणाली, आजी, सरक.

मी सरकले.

ओले पलंगपोस धुण्याच्या मशीनमधून काढून पिळायच्या मशीनमध्ये घालायचे, एवढंच तर काम. पिळायचं मशीन ओट्यावर आहे हे खरं, छातीइतकं उचलावं लागतं. तो ओटा तुझ्या आजोबांनी बांधला, पाणी नीट वाहून जावं म्हणून. मी उचललं, तुझ्या आत्यांनी उचललं. रीत काही अवघड नाही. मी तिला पट्टा बांधून दिला, जुन्या पलंगपोसाचा काठ फाडून, कमरेला आवळून, मागे गाठ. दम कोंडायचा, दात आवळायचे, उचलायचं. मी आल्या-गेल्या प्रत्येक बाईला हेच शिकवलं आणि एकीचीही पाठ मोडली नाही.

पट्टा बांधताना ती हसली. म्हणाली, आता मी खरी लाँड्रीवाली.

तू नाजूक होतीस. ही तशी नाही. राग येऊ दे, पण खरं ते खरं.

तुझी आई


१९ मार्च

थोरले,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

नवीन साबणाची पावडर आलीय, फेस फार करते आणि मळ काढत नाही, पुष्कळ माणसं असतात तशी. तुझ्या भावाने गाडी भिंतीला घासली. पोर दूध पिते, ओकते, परत पिते.

भिंगरी बरी आहे.

हल्ली इस्त्रीच्या टेबलापाशी पायात पाय अडकवून उभी राहते. पोरीला पाजायला बसली की एका अंगावर कलून बसते. परवा ती जाडी, इस्त्रीवाली, हॉटेलच्या मॅनेजरची नक्कल करत होती, सगळ्या बायका पोट धरून हसत होत्या, आणि ही मध्येच उठून न्हाणीघरात गेली. बाहेर आली ती परकर बदलून. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग संध्याकाळी घड्या घालताना तिनेच मला एक विचारलं. मी उत्तर दिलं. ते लिहायची गरज नाही.

पट्टा मात्र ती अजून बांधते. मी नको म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही.

तुझी आई


२८ मार्च

थोरले,

लिहायची गरज आहे.

आम्ही दोघी पलंगपोसाची दोन दोन टोकं धरून उभ्या होतो. कापड मध्ये होतं म्हणून तिला विचारता आलं असेल. म्हणाली, "आजी, तुला कधी खाली काही उतरल्यासारखं वाटलं का? काहीतरी बाहेर येतंय असं?"

मी म्हणाले, "नाही."

एवढंच. "सगळ्यांना होतं" असंसुद्धा म्हणाले नाही. तसं म्हटलं असतं तरी तिला सोबत झाली असती. मी नाही म्हटलं आणि टोकाला टोक लावून घडी घातली. तिने मान हलवली, जशी काही आपलीच चूक झाली विचारण्यात.

थोरले, माझं अंग बाहेर येतं. तुझा भाऊ झाला तेव्हापासून. बाळंतपणानंतर टाके सुकायच्या आत मी ओट्यापाशी उभी होते, आणि एक दिवस गठ्ठा उचलताना खाली काहीतरी सरकलं. तेव्हा लिंबाएवढं होतं. आता मुठीएवढं आहे. सकाळी आत असतं, दुपारपर्यंत बाहेर. मऊ कपड्याची घडी करून लावते, वरून घट्ट नेसते. तुझ्या वडिलांनाही कधी नीट सांगितलं नाही. ते जवळ यायचे बंद झाले, त्यांना वाटलं मीच आटले. वाटू दिलं.

इतकी वर्षं नाही म्हटलं की तोंडाला वळण पडतं. तिने विचारलं आणि तोंडाने आपलं काम केलं. मला विचारायलाही थांबलं नाही.

पण मी आंधळी नाही. ती जिना उतरते तेव्हा पाय आतून चोरते, टाचा घासते. ती चाल मला ओळखीची आहे. ती माझी चाल आहे.

आणि एवढं सगळं कळूनही काल मी तिला ओट्यापाशी उचलू दिलं. हॉटेलची गाडी दारात उभी होती. हे तू वाचून काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हण.

उद्या तिला बाईमाणसांच्या दवाखान्यात नेते. तिला सांगितलंय की टाके दाखवायला जायचं.

तुझी आई


६ एप्रिल

थोरले,

जाऊन आलो. सरळ सांगते, मधलं गाळत नाही.

डॉक्टरीण तरुण आहे, आवाज मऊ, हात त्याहून मऊ असावा. भिंगरीला पडद्याआड घेतलं. मी बाहेर स्टुलावर. पडदा म्हणजे कापडच, ऐकू सगळं येतं. तपासलं, खोकायला लावलं, आत ओढून धर म्हणाली. मग समजावलं. पोर ओढून काढताना आतला एक स्नायू एका बाजूने हाडापासून सुटलाय. सगळं वर धरून ठेवणारा स्नायू, झोळीसारखा. झोळीचं एक टोक सुटलं की आतलं सामान खाली येणारच. भिंगरी म्हणाली, माझ्याकडून काही चुकलं का? डॉक्टरीण म्हणाली, नाही, हे बाळंतपणात होतं, पुष्कळ जणींना होतं, त्या बोलत नाहीत.

मग तिने विचारलं, "घरात कुणाला असा त्रास? आईला, आजीला?"

भिंगरी म्हणाली, "आजीला नाही. मी विचारलंय तिला. आईचं माहीत नाही, आमचं बोलणं नाही."

तिने ते इतकं सरळ सांगितलं की मला स्टुलावर बसवेना. उठले, पडदा सारला. आतल्या दोघी बघतच राहिल्या. मी म्हणाले, "आजीला आहे. धाकटा झाला तेव्हापासून. आजी खोटं बोलली."

भिंगरीने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली, मी कुणी परकी असल्यासारखी.

डॉक्टरीणबाईने काही नाटक केलं नाही. म्हणाली, मग आजींनाही बघू. बघितलं. मग विचारलं, लघवीला कशा जाता? मी सांगितलं, हाताने वर सारते, मग होते; एरवी कपड्याची घडी लावते. तिने मान हलवली. भिंगरी ऐकत होती.

मग तिने काम विचारलं आणि मी पट्ट्याचं सांगितलं, दम कोंडायचं सांगितलं. थोडं अभिमानानेच सांगितलं, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, "आजी, दम कोंडलात की सगळा जोर पोटात. वरून पट्टा आवळलेला. मग तो जोर जाणार कुठे?"

मला आणखी समजवायची गरज नव्हती. ओल्या उशीच्या अभ्र्याला मध्ये आवळून पिळलं की पाणी कुठून निघतं ते मला कळतं. मी बायकांना एकेक करून आवळलं आणि पिळलं. आणि पाठ मोडली नाही म्हणून मिरवलं. पाठ कशाला मोडेल, मोडायचं ते भलतीकडेच मोडत होतं. एक नोकरी सोडून गेली, एक सारखी न्हाणीघरात पळायची म्हणून मीच तिला कामचोर म्हटलं. आता त्यांचे चेहरे आठवते तर सगळ्यांची चाल आधी आठवते.

भिंगरीला उचलणं बंद सांगितलंय. आत ओढून धरायचा व्यायाम शिकवलाय, एक बाई आठवड्यातून एकदा नीट करून घेणार. काही उचलायचंच झालं तर श्वास सोडत उचलायचं, कोंडून नाही. सुटलेलं टोक परत चिकटेल असं नाही, पण बाजूचे स्नायू तयार झाले तर पुष्कळ धरून ठेवतील. आत्ता सांभाळलं तर. हे "आत्ता" तिने दोनदा म्हटलं.

मला एक रबराचं कडं बसवलं. बरणीच्या झाकणात असतं तसं, जरा जाड. दुमडून आत घालतात, आत गेलं की उघडतं आणि सगळं वर धरतं. मधून मधून काढून, धुऊन, तपासून घ्यायचं. कपात ओतलेला चहा निवतो, तेवढाही वेळ लागला नाही. मी उभी राहिले. चालले. काही आलं नाही खाली.

मी विचारलं, हे नवीन निघालंय का? ती म्हणाली, छे, फार जुनं आहे. मी विचारलं, बारा वर्षांपूर्वी मिळत होतं? म्हणाली, कधीपासूनच मिळतं, का हो?

मी म्हटलं, "काही नाही."

भिंगरी घरापर्यंत माझ्यापुढे चार पावलं चालली.

तुझी आई


१४ एप्रिल

थोरले,

खरं सांगितलं म्हणजे झालं, अशी माझी समजूत होती. मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले तर ही ओट्यापाशी. कमरेला पट्टा. मी म्हटलं, सोड तो. म्हणाली, का? तू एवढी वर्षं काढलीस ना असंच? लाँड्री चालवलीस, दोन पोरं वाढवलीस. मला फक्त कपड्याची घडी कशी करायची ते दाखव. मी आईसारखी हे काम टाकून पळून जाणार नाही.

आणि दम कोंडून तिने गठ्ठा उचलला.

हे माझंच पेरलेलं. आजीवर गेली, आजीवर गेली म्हणून ज्याला त्याला सांगत होते ना. ती जाऊन पोचली आजीवर. मी ओरडले, ती ऐकेना. हिसका दिला तर म्हणाली, तू खोटं बोललीस, आता तुझं ऐकायचं कारण काय? बायका माना खाली घालून टॉवेल मोजत होत्या.

तेव्हा मी तिला तिथेच, ओल्या जमिनीवर उभी असताना, ते सांगितलं जे तुला सांगायला हवं होतं.

बारा वर्षांपूर्वी तुझा नवरा गेला तेव्हा मी आले नाही. तुला निरोप पाठवला की कामाचा लोंढा आहे, निघता येत नाही. तू त्यानंतर माझं तोंड बघितलं नाहीस, बरोबर केलंस. कामाचा लोंढा नव्हता. मी पिशवी भरली होती. बसस्टँडवर गेले होते, तिकीट काढलं होतं. तुझं गाव किती लांब, रस्ता कसा, तुला माहीत आहे. गाडीत बसलं की माझं सगळं बाहेर येऊन घासतं, रक्त येतं. आणि मध्येच लघवी अडली की हाताने सारल्याशिवाय होत नाही, ते भर गाडीत, माणसांत, कुठे करू? तुझ्या दारात ओल्या लुगड्याने उतरू? माणसं जमलेली असणार. गाडी आली, माणसं चढली. कंडक्टर म्हणाला, आजी, येताय ना? मी म्हटलं, ही माझी गाडी नाही. आणि घरी आले.

लाजेपायी नाही आले. काम हे मी नंतर जुळवलं, कारण तुझ्या डोळ्यांत दगड झालेलं परवडलं, पण वास येणारी म्हातारी झालेलं परवडलं नाही.

भिंगरी म्हणाली, "आई दारात उभी होती. दोन दिवस. कुणी आत बोलावलं की म्हणायची, माझी आई येतेय."

हे मला माहीत नव्हतं.

मी तिला म्हणाले, अशी काढली मी वर्षं. त्या बरणीच्या रबरावाचून. मी कुणाला दाखवलं असतं तर मी तुझ्या बापाच्या वेळी तिथे असते. तुला घडी शिकायची आहे ना, मग हीसुद्धा शिक.

ती पट्ट्याची गाठ सोडायला गेली, ओली होती म्हणून सुटेना. मी सोडून देऊ लागले तर हात झटकला. जाडीने कात्री आणून कापला.

माझ्याशी बोलत नाही. पण उचलतही नाही.

तुझी आई


२३ एप्रिल

थोरले,

तुझं पत्र आलं. या वेळी पान भरून. तुझ्या भावाने आणून दिलं आणि वाचेपर्यंत समोर उभा राहिला, हाकलला त्याला.

तुलाही होतं. भिंगरीच्या वेळेपासून. आणि तू मला सांगितलं होतंस, असं लिहितेस, या घरात, माळ्याच्या जिन्यावर बसून, आणि मी म्हटलं होतं नाटकं बंद कर. ते मला आठवत नाही. आठवत नाही म्हणून झालं नाही असं मी म्हणणार नाही. ते मीच म्हटलं असणार, शब्द माझेच आहेत. तुझं ऑपरेशन झालं त्याचा पत्ता मला आत्ता लागतोय. तुझ्याजवळ कोण होतं? शेजारीण होती, असं लिहिलंयस.

तुझ्या लेकीला तरी सांगायचं होतंस, असं मी आत्ता लिहायला बसले होते. मग वाटलं, कुठल्या तोंडाने.

तू विचारतेस, तेव्हा माझ्यावर विश्वास नव्हता का? होता, थोरले. त्याच कारणाने तर बोलू दिलं नसणार. तुझं खरं धरलं असतं तर माझंही धरावं लागलं असतं.

माफी मागत नाही. मागितली की समोरच्याला द्यावी लागते, आणि तुला आणखी काही उचलायला लावायचं नाही मला.

तुझ्या भावाला आणि गवंड्याला सांगून ओटा फोडला. आता पिळायचं मशीन जमिनीला टेकलंय, पाणी जायला नाली खणली, अर्ध्या दिवसाचं काम निघालं. आता गठ्ठाही निम्मा निम्मा घालायचा. बायकांना सगळं सांगितलं, माझं धरून. मग जाडी म्हणाली, माझं तर वर्षापूर्वीच उतरलंय. मग दुसरी बोलली. पट्टे मी जाळले, धूर इतका झाला की शेजारचा भांडायला आला.

तुझी आई


२ मे

थोरले,

शनिवारच्या सकाळच्या गाडीने निघतोय, भिंगरी, पोर आणि मी.

इथे राहिली तर ती उचलेल. आज नाही, तर हॉटेलची गाडी दारात उभी राहील त्या दिवशी. तिच्या हाताला सवय आहे, आणि ती सवय मी लावली. तुझ्याकडे मशीन नाही, गठ्ठे नाहीत, आणि तुला काय सांभाळायचं ते माहीत आहे. तुझ्या गावातल्या दवाखान्यात व्यायाम करून घेणारी बाई आहे, ते डॉक्टरीणबाईने लिहून दिलंय. जावयाला विचारलं, तो म्हणाला मी गाडीवरच असतो, घर कुठेही असलं तरी मला लांबच आहे. भिंगरी यायला तयार झाली, पण तुझ्याशी काय बोलायचं ते तिला सुचत नाही. तूच आधी बोल. तुम्ही दोघी हट्टी आहात, तो कुठून आला ते सांगायला नको.

पोरीला कडेवर घेऊन तिला जिना चढू देऊ नकोस. बद्धकोष्ठ होऊ देऊ नकोस, जोर करायचा नाही म्हणून सांगितलंय. खोकला आला तर लगेच औषध. ती "मला काही होत नाही" म्हणाली की समज, होतंय.

गाडी थांबली की दोघींना उतरवून घे. मला घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव, कुणी तुला बोलणार नाही. नाही घेतलंस तर संध्याकाळच्या गाडीने मी परत येईन. गाडीत बसवतं मला आता.

तुझी आई